देहप्रतिमा आणि श्रद्धा : एका नैतिक प्रश्नाची मांडणी

१

मराठीत आपण ज्यांना 'तृतीयपंथी' म्हणतो त्यांच्या नावातच 'पंथ' आहे. लिंगभावाच्या एका अवस्थेला आपल्या भाषेने वर्ग किंवा प्रकार न म्हणता पंथ म्हणावे, ही गोष्ट सहजगत्या घडलेली असली तरी अर्थशून्य नाही. पंथ म्हणजे वाट. आणि पंथ म्हणजे उपासना, आचार व गुरुपरंपरा यांची एक व्यवस्थाही. अलीकडे रूढ होऊ लागलेला 'पारलिंगी' हा शब्द मात्र लिंगापाशी सुरू होतो आणि लिंगापाशीच थांबतो. पहिल्या शब्दात देहाचा उल्लेख नाही, दुसऱ्यात श्रद्धेचा नाही. या दोन शब्दांमध्ये जी फट आहे तिचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही फट केवळ शब्दांची नाही, याची जाणीव पारलिंगी समूहाच्या परिषदांतील कार्यशाळांना उपस्थित राहिल्यावर होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउन येथे १९७५ पासून भरू लागलेली 'फँटेशिया फेअर', अटलांटा येथे १९९१ मध्ये सुरू झालेली 'सदर्न कम्फर्ट' परिषद, २००२ पासूनची फिलाडेल्फियाची पारलिंगी आरोग्य परिषद, असा या प्रथेचा एक इतिहास आहे. आपल्याकडील हिजडा समाजाची संमेलने वेगळ्या वळणाची. तिथे घराणी, नायक, गुरू-चेले, पंगती, पूजा आणि पंचायती यांना महत्त्व. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालानंतर आपल्या शहरांतून जी संमेलने भरली त्यांत ही दोन्ही वळणे एकमेकांत मिसळलेली दिसतात. मी ज्या कार्यशाळांना श्रोता म्हणून बसलो त्यांतली एक 'श्रद्धा आणि अध्यात्म' या विषयावर होती, दुसरी 'देहप्रतिमा' या विषयावर. त्या दोन वेगवेगळ्या खोल्यांत होत्या.

अशा कार्यशाळांचा पहिला नियम असा की, खोलीत जे बोलले जाईल ते खोलीबाहेर न्यायचे नाही. निवेदनांच्या आधारे विचार करणाऱ्या अभ्यासकाला हा नियम गैरसोयीचा आहे. पण त्यामागे मोठे तथ्य आहे. मिशेल फूको यांनी 'लैंगिकतेचा इतिहास' या ग्रंथाच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात असे दाखवले की, पाश्चात्त्य समाजात माणसाकडून त्याच्या लैंगिकतेविषयी कबुली वदवून घेणे हे सत्तेचे एक प्रमुख साधन बनले. पारलिंगी व्यक्तीला ही कबुली आयुष्यभर द्यावी लागते : डॉक्टरापुढे, अधिकाऱ्यापुढे, घरच्यांपुढे, संशोधकापुढे. आपली कहाणी पुरावा म्हणून सादर न करता सांगता येईल अशी जागा दुर्मीळ असते. ती जागा अभ्यासाच्या नावाखाली मोडणे योग्य नव्हे. म्हणून या लेखात कोणाचीही कहाणी नाही. कार्यशाळांची रचना, त्यांत ऐकू येणाऱ्या भाषेची सर्वसाधारण वळणे आणि सर्वांपुढे असलेल्या प्रकाशित संहिता, एवढ्याच साधनांवर हे विवेचन उभे आहे.

रचनेविषयीचे निरीक्षण असे : श्रद्धेच्या खोलीत आत्मा, स्वीकार, बहिष्कार, पुराणकथा, देव यांविषयी बोलले जाते, देहप्रतिमेच्या खोलीत आरसा, आवाज, केस, वस्त्र, शस्त्रक्रिया यांविषयी. पहिल्या खोलीत देहाचा उल्लेख संकोचाने होतो, दुसऱ्या खोलीत देवाचा. कार्यक्रमपत्रिकेच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी एका जुन्या विभागणीची पुनरावृत्ती करते. तिच्यातून जो प्रश्न उद्भवतो तो असा : देहाला गौण ठरवून माणसाला दिलेला सन्मान हा खरोखर सन्मान असतो काय?

२

श्रद्धेच्या खोलीत वारंवार येणारे एक वाक्य आहे : आत्म्याला लिंग नसते. धर्माच्या नावाने घराबाहेर काढल्या गेलेल्या व्यक्तीला त्याच धर्माच्या गाभ्यातून मिळालेले हे आश्वासन आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा अधिकार ते ज्यांना कधी लागले नाही अशांना नाही. तरीही या वाक्याचे तर्कशास्त्र तपासले पाहिजे. आत्म्याला लिंग नसेल आणि माणूस म्हणजे आत्माच असेल, तर स्त्री असणे, पुरुष असणे, दोन्ही नसणे हे सगळेच सारखे बिनमहत्त्वाचे ठरते. मग ज्या एका गोष्टीसाठी एखाद्या व्यक्तीने घर, शिक्षण, मिळकत, कधीकधी जीवही पणाला लावला, ती गोष्टही बिनमहत्त्वाची ठरते. म्हणूनच तेच वाक्य नातेवाइकाच्या तोंडी येते तेव्हा त्याचा अर्थ उलटतो : आत्म्याला जर लिंगच नाही, तर हा एवढा अट्टहास कशासाठी? सांत्वनाचे वाक्य निषेधाचे वाक्य बनण्यासाठी त्यातला एक शब्दही बदलावा लागत नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्तामध्ये स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही असे म्हटले आहे. ख्रिस्ती पारलिंगी व्यक्तींना त्याचा मोठा आधार वाटतो. तिथेही हीच दुधारी स्थिती आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जुन्या वस्त्राची उपमा दिली आहे. ज्याचे वस्त्र त्याच्या देहाशी विसंगत मानले जात नाही, त्याला ही उपमा सहज पटते. परंतु ज्या व्यक्तीच्या जीवनात साडी नेसता येणे किंवा न येणे हा अस्तित्वाचा प्रश्न आहे, तिच्या बाबतीत उपमान आणि उपमेय यांची अदलाबदल होते. गीतेत देह वस्त्रासारखा आहे. इथे वस्त्र देहासारखे आहे. ते टाकून देता येत नाही.

याच परंपरेत एक वेगळा युक्तिवादही आहे आणि तो अधिक विचारार्ह वाटतो. सोयराबाईंनी विटाळाविषयी जे म्हटले त्याचा आशय असा की, विटाळ देहाबरोबरच जन्माला येतो आणि देहावाचून कोणी जन्मलेले नाही. मग सोवळा कोणाला म्हणायचे? 'लीळाचरित्रा'त चक्रधरांनी स्त्रीच्या मासिक धर्माची गणना देहातून होणाऱ्या इतर विसर्गांबरोबर केलेली आहे. या दोन्ही ठिकाणी समता देह नाकारून सिद्ध केलेली नाही. देह सर्वांना आहे आणि तो सर्वांचा सारखाच देहधर्मी आहे, या मार्गाने ती सिद्ध केली आहे. आत्म्याच्या आधारे दिलेली समता देहाला जिथे होता तिथेच, म्हणजे अपमानात, सोडून देते. देहाच्या आधारे मागितलेली समता मात्र अपमानाच्या मुळाशी हात घालते.

भक्तिपरंपरेचा आणखी एक दाखला अशा चर्चांत दिला जातो : पुरुष संतांनी विराण्यांतून, गौळणींतून स्त्रीच्या वाणीने बोलणे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या हे त्याचे उत्तम उदाहरण. मराठीत भूतकाळी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. 'मी' हे सर्वनाम मौन पाळते, पण 'गेलो' की 'गेले' हे टाळता येत नाही. म्हणून विराणीतील स्त्रीलिंगी क्रियापद ही मराठीत केवळ भावाची नव्हे, तर व्याकरणाची घटना असते. तरीही एक फरक निर्णायक आहे. विराणी संपली की संत पुरुषाच्या क्रियापदाकडे परत येऊ शकतो. परतीची मुभा हे रूपकाचे लक्षण आहे. कार्यशाळेत जी व्यक्ती 'मी आले' असे म्हणते तिला ही मुभा नको असते, आणि त्या क्रियापदाची किंमत तिने मोजलेली असते. रूपक आणि देह यांतला हा फरक पुसला तर भक्तीची स्तुती होईल, पण त्या व्यक्तीचे आकलन होणार नाही.

व्याकरणाची आणखी एक बाब इथे नोंदवावीशी वाटते. मराठीतील तिसऱ्या लिंगाला आपण 'नपुंसकलिंग' म्हणतो. व्याकरणाची ही संज्ञा रस्त्यावर शिवी म्हणून वापरली जाते. परंतु त्याच लिंगातला 'लेकरू' हा शब्द भक्त विठाईसमोर स्वतःसाठी वापरतो, आणि तिथे त्याला उणेपणा चिकटत नाही. म्हणजे तिसरेपण आपल्या भाषेत अवहेलना आणि वात्सल्य अशा दोन टोकांना उभे आहे. प्रौढ, स्वतंत्र, व्यवहारी माणसासाठी मधली जागा तिने राखलेली नाही.

देह आणि आत्मा यांची फाळणी केवळ धर्मविचाराने केली असे मात्र म्हणता येणार नाही. 'मी चुकीच्या देहात जन्मलो' ही विसाव्या शतकातील पारलिंगी आत्मकथनांची परिचित उक्ती आहे. जॅन मॉरिस यांच्या १९७४ सालच्या 'कनन्ड्रम' या पुस्तकातील आत्मकथन याच जाणिवेभोवती गुंफलेले आहे. ही उक्ती वैद्यकाच्या दारात उपयोगी पडली. पण तिच्यातही आत एक खरा 'मी' आणि बाहेर एक परका देह अशीच रचना आहे. सँडी स्टोन यांनी १९९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या जाहीरनामावजा निबंधात दाखवून दिले की, वैद्यकाला अपेक्षित असलेली कहाणी सांगावी लागत असल्यामुळे या आत्मकथनांत एकसुरीपणा आला आणि प्रत्यक्ष जगण्यातली गुंतागुंत लुप्त झाली. तात्पर्य, प्रवचनकार आणि जुना वैद्यक यांची भाषा भिन्न असली तरी दोघांनाही देह हा 'मी'चा भाग वाटत नाही.

३

श्रद्धेच्या खोलीतील दुसरा प्रघात म्हणजे दाखले शोधण्याचा. अर्धनारीश्वर, बृहन्नडा, शिखंडी, मोहिनी आणि अरावान यांची नावे घेतली जातात. २०१४ च्या निकालपत्रातही रामकथेशी जोडलेली लोकश्रुती आणि अरावानाची कथा यांचा उल्लेख आहे. म्हणजे हा प्रघात न्यायालयापर्यंत पोचला आहे. हे दाखले निरुपयोगी नाहीत. 'हे सारे परदेशी खूळ आहे' असे म्हणणाऱ्याला ते परस्पर उत्तर देतात.

पण दाखल्यांवर सन्मान उभा करण्यात दोन अडचणी आहेत. पहिली संहितानिष्ठ अडचण. बृहन्नडा ही अर्जुनाची एका वर्षाची अवस्था आहे आणि ती शापातून आलेली आहे. वर्ष सरताच तो गांडीव उचलतो. शिखंडी भीष्मवधाचे निमित्त ठरतो. त्याच्या स्वतःच्या आयुष्याविषयी युद्धाला फारशी आस्था नाही. ज्या परंपरेतून या कथा येतात त्याच परंपरेतील मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात क्लीबाला वारसाहक्कातून वगळले आहे. बायबलमध्येही हेच द्वंद्व दिसते. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात अंडच्छेद झालेल्यास परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाकारला आहे. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात करार पाळणाऱ्या षंढांना पुत्र-कन्यांपेक्षाही श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या षंढ अधिकाऱ्याला फिलिप्प बाप्तिस्मा देतो. दाखल्याचा शोध घेणाऱ्याला प्रत्येक ग्रंथ दोन्ही प्रकारचे दाखले देतो. निवड करणारा वाचक असतो, आणि निवडीचा निकष ग्रंथाबाहेर असतो.

दुसरी अडचण नैतिक आहे. पूर्वी आम्ही होतो म्हणून आज आम्हांला मान द्या, या युक्तिवादात एक अध्याहृत कबुली आहे : पूर्वी नसतो तर मान मागता आला नसता. दाखल्याने सिद्ध झालेली प्रतिष्ठा दाखल्याच्या अभावी नष्ट होऊ शकते. महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाही. अस्पृश्यांना हिंदू परंपरेत मानाचे स्थान कुठे सापडते, हा शोध पुष्कळांनी घेतला, डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात तो शोधच निरर्थक ठरवून धर्माची नव्याने निवड केली. प्रत्येकाने तोच मार्ग घ्यावा असे नाही. पण मनुष्यत्वाची प्रतिष्ठा आधी, ग्रंथाचा दाखला नंतर, हा क्रम त्या कृतीने स्पष्ट केला.

अशा वेळी दाखल्याऐवजी वाचनाचा मार्ग अधिक फलदायी ठरतो. अमेरिकेतील ज्यू कवयित्री व प्राध्यापक जॉय लॅडिन यांनी २०१८ सालच्या 'द सोल ऑफ द स्ट्रेंजर' या ग्रंथात तोरातील पारलिंगी पात्रे हुडकण्याचा खटाटोप केलेला नाही. मानवी वर्गवारीत न मावणारा, म्हणून माणसांत राहूनही अनोळखी राहणारा असा जो देव तोरात आहे, त्याचे वाचन त्यांनी आपल्या अनुभवाच्या जागेवरून केले आहे. इथे श्रद्धावान व्यक्ती ग्रंथाकडे प्रमाणपत्र मागत नाही. ग्रंथ वाचण्याचा आपला हक्क बजावते. साहित्याच्या अभ्यासकाला या दोहोंतला फरक वेगळा सांगायला नको.

४

आता मराठी साहित्याकडे वळू. कारण श्रद्धा आणि देह यांची फारकत जिथे झालेलीच नाही असे एक जग आपल्या सीमाभागात आहे आणि मराठी कथात्म साहित्याने त्याची दखल घेतलेली आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते आणि जोगतिणी यांचे हे जग. चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा, राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) व 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्या आणि या साहित्यातून प्रेरणा घेतलेला राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' (२००९) हा चित्रपट या जगाच्या प्रमुख संहिता होत.

या जगात देह ही देवीची लिपी असते. केसांत जट झाली की ती देवीची हाक. शरीराला व्याधी जडली की तीही हाकच. गळ्यात मोत्यांचे दर्शन बांधले जाते, कपाळी भंडारा लागतो, पुरुषाच्या अंगावर साडी येते. श्रद्धेची प्रत्येक पायरी देहावर लिहिली जाते. आत्म्याला लिंग नसते असे इथे कोणी म्हणत नाही. देवीला लिंगाविषयी काहीतरी म्हणायचे आहे असे इथे मानले जाते.

वरील संहितांनी या व्यवस्थेतील सक्ती, दारिद्र्य, भय आणि लैंगिक शोषण यांचा निर्भीडपणे वेध घेतला. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी म्हणून वाहण्यास कायद्याने बंदी घातली. महाराष्ट्रात जटानिर्मूलनाचे व देवदासी पुनर्वसनाचे काम झाले. या साहित्याला त्या प्रबोधनाची पार्श्वभूमी आहे आणि ते प्रबोधन योग्यच होते. 'जोगवा'तील तायाप्पाला सक्तीने जोगता केले जाते. तो मनाने पुरुष आहे आणि सुलीवर त्याचे प्रेम आहे. त्याच्या अंगावरची साडी ही त्याची विटंबना आहे आणि ती उतरणे ही त्याची मुक्ती. या कथनाच्या चौकटीत हे निर्विवाद आहे.

प्रश्न उरतो तो चौकटीबाहेरच्या जोगत्याचा. ज्याला ती साडी हवी होती त्याचे काय? एखाद्या खेड्यात वाढणाऱ्या, स्वतःला मुलगी मानणाऱ्या मुलापुढे त्या काळी किती दारे उघडी होती? बाईपणाला समाजाची मान्यता मिळेल असे बहुधा एकच दार होते, आणि ते देवीचे होते. जिला देवीने बोलावले तिला बाप अडवू शकत नव्हता, गाव हसले तरी जोगवा घालत होते. त्याच दारातून एकाला ढकलले गेले आणि दुसरी आपण होऊन आत गेली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी साडी नेसलेला पुरुषच दिसला.

इथे मराठी पुरोगामी दृष्टीची एक मर्यादा स्पष्ट होते. साडी नेसलेला पुरुष ही प्रतिमा तिला फक्त अवमानाचे चिन्ह म्हणून वाचता आली. चिन्ह एक, चिन्हित दोन, ही शक्यता तिने विचारात घेतली नाही. कारण तिच्या अर्थनिर्णयनात पुरुषाने स्त्रीवेश धारण करणे हे मुळातच घसरण होते; म्हणजे स्त्रीत्व हे खालचे स्थान आहे ही ज्या व्यवस्थेची धारणा, तिच्याच पायावर या व्यवस्थेची समीक्षाही उभी राहिली. अंधश्रद्धेचा निषेध करताना स्त्रीवेशाचाही नकळत निषेध झाला. सक्तीचा निषेध करावा आणि स्त्रीवेशाचा करू नये, हा भेद करण्यासाठी एकच प्रश्न विचारणे पुरेसे होते : हे तुला हवे आहे काय?

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या व्यक्तीला देवीच्या दारातून बाईपण मिळाले तिला ते देवीच्या अटींवर मिळाले. जोगवा मागणे, आयुष्यभर वाहिलेले असणे, आजाराचा आणि अपयशाचा अर्थ देवीचा कोप असा लावणे, या अटी त्या बाईपणाबरोबर आल्या. एकच दार असलेल्या घरात आपखुशीने शिरणाऱ्याचे स्वातंत्र्यही अपुरेच असते. म्हणून परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही या जगातून सहजासहजी दिलासा मिळू नये.

५

देहप्रतिमेच्या खोलीकडे पाहताना प्रथम संज्ञेचा विचार करू. पॉल शिल्डर या व्हिएन्नाच्या मनोवैद्यकाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात देहप्रतिमेची मांडणी केली. आपल्या मनात आपल्या देहाचे जे चित्र असते ते केवळ डोळ्यांनी पाहिलेले नसते; स्पर्श, वेदना, हालचाल, इतरांच्या नजरा आणि स्मृती यांतून ते सतत घडत-मोडत असते, हे त्याचे सार. मॉरिस मर्लो-पाँती यांनी १९४५ च्या 'प्रत्यक्षाची संवृत्तिमीमांसा' या ग्रंथात देह ही आपल्यापाशी असलेली वस्तू नसून जगाकडे जाण्याची आपली रीत आहे असे प्रतिपादन केले. जे प्रॉसर यांनी १९९८ च्या 'सेकंड स्किन्स'मध्ये पारलिंगी आत्मकथनांचे वाचन करताना त्वचेच्या या जाणिवेला मध्यवर्ती स्थान दिले आणि देहाला निव्वळ भाषिक रचना मानणाऱ्या तत्कालीन सिद्धान्तनाला हरकत घेतली. ही हरकत रास्त होती. ज्याचा देह त्याला टोचत नाही त्यालाच देह ही केवळ संहिता वाटू शकते.

मराठी वाचकाला मात्र 'प्रतिमा' या शब्दात आणखी एक अर्थ ऐकू येतो. प्रतिमा म्हणजे मनातील चित्र, काव्यातील प्रतिमा. आणि प्रतिमा म्हणजे मूर्ती. मूर्ती घडली म्हणून ती पूज्य होत नाही. तिच्यात प्राणप्रतिष्ठा व्हावी लागते. या विधीत मूर्तीचे डोळे उघडल्यावर तिच्यासमोर आरसा धरण्याची प्रथा आहे. हिजडा समाजात लिंगविच्छेदाच्या विधीला 'निर्वाण' म्हणतात. बहुचरा मातेच्या नावाने होणाऱ्या या विधीनंतर चाळीस दिवस विश्रांतीचे व निर्बंधांचे असतात. त्या काळात आरशात पाहायचे नसते. चाळिसाव्या दिवशी हळद, स्नान, नवे वस्त्र आणि मग स्वतःचे दर्शन. दोन्ही विधींत आरशाचा मान शेवटचा आहे. म्हणजे रूप आरशात दिसते म्हणून सिद्ध होत नाही; आधी प्रतिष्ठा, मग प्रतिबिंब.

या साम्याचा गौरव करताना सावध राहिले पाहिजे. वैद्यकीय मदतीवाचून झालेल्या निर्वाणविधींनी जीव घेतले आहेत. रुग्णालयाची दारे बंद होती म्हणून विधीची दारे उघडी राहिली, हेही विसरता येणार नाही. मुद्दा विधीचे समर्थन करण्याचा नाही. ज्या समाजाला आपण अशिक्षित म्हणत आलो त्याने 'निर्वाण' हा आत्म्याच्या मुक्तीचा शब्द देहाच्या कृतीला दिला, हे लक्षात घेण्याचा आहे. तत्त्वज्ञानाने ज्या दोन गोष्टी अलग केल्या त्या या नामकरणाने जोडल्या. हैदराबादच्या हिजडा समाजाचा अभ्यास करणाऱ्या गायत्री रेड्डी यांनी २००५ मध्ये नोंदवले की, तिथले हिजडे स्वतःला मुसलमान म्हणवतात आणि बहुचरा मातेलाही मानतात. धर्मांची जी कुंपणे इतरांना अभेद्य वाटतात ती ओलांडली गेली, कारण देहाला ज्याने ज्याने आश्रय दिला त्याला इथे देवत्व लाभले.

आजच्या देहप्रतिमेच्या खोलीत मात्र प्रतिष्ठेचा शब्द मागे पडून सौंदर्याचा शब्द पुढे येतो. आपण पुरेशी बाई दिसते काय, पुरेसा पुरुष दिसतो काय, हा प्रश्न तिथे वेगवेगळ्या रूपांत उभा राहतो. त्याचे उत्तर देणारी सत्ता आता देवीची नाही. ती बाजाराची, पडद्याची आणि रस्त्यावरच्या नजरेची आहे. तिच्याही अटी आहेत, आणि तिथे चाळिसावा दिवस कधी येत नाही. दिशा पिंकी शेख या मराठी कवयित्रीने आपल्या कवितासंग्रहाला 'कुरूप' हे नाव दिले. जो शब्द आरशासारखा आपल्यापुढे धरला गेला तोच हाती घेऊन शीर्षक करणे, ही या सत्तेला दिलेली एक ठाम प्रतिक्रिया म्हणून वाचता येते. सुंदर ठरवून घेण्याची धडपड तिथे नाही. सौंदर्याच्या अटीवर प्रतिष्ठा घेण्यास नकार आहे.

६

आतापर्यंतच्या विवेचनातून एक गोष्ट पुढे येते. श्रद्धा असो, वैद्यक असो, कायदा असो की बाजार, प्रत्येकाने दिलेल्या मान्यतेला देहाची एखादी अट जोडलेली आहे. इराणमध्ये १९८० च्या दशकात आयातुल्ला खोमेनी यांच्या फतव्याने लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेला धर्मसंमती मिळाली. परंतु समलिंगी संबंध तिथे दंडनीयच राहिले, त्यामुळे अनुमतीलाच सक्तीचे वळण लागले. आपल्याकडे २०१४ च्या निकालाने व्यक्तीने स्वतः सांगितलेली ओळख मानावी आणि शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये असे म्हटले. २०१९ च्या कायद्याने स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून सुधारित प्रमाणपत्र घेण्याची तरतूद केली.

श्रद्धेने घातलेली अट सर्वांत सूक्ष्म आहे, कारण ती गौरवाच्या वेशात येते. हिजड्याचा आशीर्वाद लग्नघरी आणि बारशाला शुभ मानला जातो. त्या शुभत्वाचे कारण असे सांगितले जाते की, त्याने स्वतःच्या देहाचे सुख सोडलेले असते. ज्याने प्रजनन सोडले त्याच्या शब्दाला प्रजननाचे सामर्थ्य येते. दुसऱ्याच्या लग्नाला आशीर्वाद देणाऱ्याने स्वतःच्या लग्नाची इच्छा केली की मात्र हा गौरव संपतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला, पण स्त्री-पुरुष नात्यातील पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्याखाली विवाह करता येईल असे स्पष्ट केले. कायदा जे साधेपण मर्यादित अर्थाने का होईना देऊ शकला, ते देण्यास पावित्र्याची कल्पना तयार नसते. २०१५ साली स्थापन झालेल्या किन्नर आखाड्याने २०१९ च्या प्रयागराज कुंभात जुना आखाड्याबरोबर स्नान केले तेव्हा एका बहिष्कृत समूहाने धर्माच्या मध्यभागी जागा घेतली, ही ऐतिहासिक घटना होती यात शंका नाही. त्याचबरोबर ज्यांना संन्यास नको, भगवे वस्त्र नको, आशीर्वाद देण्याचे काम नको, केवळ भाड्याचे घर आणि नोकरी हवी, त्यांच्यासाठी त्या जागेचा अर्थ काय, हा प्रश्नही उरतो.

यावर असा आक्षेप येईल की, मग श्रद्धेचे प्रयोजन काय राहिले? माणसाला आहे तसा स्वीकारणे एवढेच धर्माचे काम असेल तर धर्म आणि चांगली शेजारधर्माची भावना यांत फरक तो काय? आक्षेप गंभीर आहे. श्रद्धा माणसाकडे काही मागते. न मागणारी श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे. परंतु मागणी आणि अट यांत फरक केला पाहिजे. श्रद्धा माणसाकडे सत्य, करुणा, संयम मागू शकते, आणि ते सर्वांकडे सारखेच मागते. अट मात्र एका विशिष्ट देहालाच घातली जाते : तू देह विसरलास तर, तू देह बदललास तर, तू पवित्र राहिलास तर. इतरांना जे न मागता मिळते ते एकाला त्यागाच्या मोबदल्यात मिळणे याला सन्मान म्हणता येणार नाही. तो विनिमय आहे.

म्हणून श्रद्धेची कसोटी असाधारण क्षणी लागत नाही, साधारण क्षणी लागते. पारलिंगी व्यक्तीला देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात किंवा विहारात चमत्काराचे पात्र म्हणून नव्हे, तर रांगेतले एक माणूस म्हणून उभे राहता येते काय. तिथे तिच्या क्रियापदाकडे कोणी वळून पाहत नाही असे होते काय. शुभ नसण्याची, शापित नसण्याची, कोणालाही आशीर्वाद देण्यास बांधील नसण्याची मोकळीक तिला मिळते काय? लेकरू आणि नपुंसक यांच्या मधली जी जागा भाषेने रिकामी ठेवली आहे ती हीच. ती भरून काढण्याचे काम सिद्धान्ताने होणार नाही. पण ती रिकामी आहे हे दाखवणे सिद्धान्ताला शक्य आहे. आणि परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दोन कार्यशाळा एका खोलीत भरवणे ही त्या दिशेची लहानशी, पण आजच करता येण्याजोगी गोष्ट आहे.